किलपेकचं चर्च का टिकलं?

इंग्लंडच्या पश्चिम कडेला, वेल्सच्या हद्दीजवळ हेरिफर्डशायर नावाची काउंटी आहे. सफरचंदाच्या बागा, कुरणं आणि तांबूस माती असा हा मुलूख. हेरिफर्ड शहराच्या नैर्ऋत्येला साधारण १४ किलोमीटरवर किलपेक नावाचं छोटं खेडं लागतं. तिथे सन ११४०च्या सुमारास बांधलेलं सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड हे चर्च आजही वापरात आहे. उंच मनोरा नाही, टोकदार शिखर नाही. पश्चिमेच्या भिंतीवर एक छोटी घंटा-कमान आहे, तेवढीच काय ती उंची. पण दक्षिणेच्या दरवाजापुढे उभं राहिलं की पाय तिथेच थांबतात. दगडात कोरलेली वेल, साप, पक्षी आणि माणसं इतकी ठसठशीत आहेत की पाथरवट आत्ताच छिन्नी ठेवून जेवायला गेला असावा असं वाटतं.

जवळजवळ नऊशे वर्षं इंग्लंडचा पाऊस आणि थंडी खाऊन हे काम टिकलं कसं? या प्रश्नाचा पाठपुरावा केला की इंग्लंडमधल्या खेड्यातली दगडी चर्चेस समजायला लागतात. तिथल्या कोरीवकामाचे फोटो सगळीकडे फिरतात. पण माझ्या मते कोरीवकाम नंतर पाहावं. आधी इमारत समजून घ्यावी, कारण तिच्या प्रत्येक भागामागे एक साधा व्यवहारी प्रश्न आहे: इथे कोण उभं राहणार, पाणी कुठून वाहून जाणार आणि खर्च कोण करणार?

पहिला प्रश्न माणसांचा. किलपेकची इमारत तीन भागांत आहे आणि तिन्ही भाग पश्चिमेकडून पूर्वेकडे एका रेषेत येतात. पहिला आणि सर्वांत मोठा भाग नेव्ह. आपल्या देवळातला सभामंडप म्हणा, गावकऱ्यांची जागा. त्याच्यापुढे अरुंद होत जाणारा चॅन्सल, म्हणजे धर्मगुरूंची जागा. शेवटी पूर्वेला अर्धगोल ॲप्स. वेदी, म्हणजे ऑल्टर, तिकडे असते. लोक नेव्हमध्ये पूर्वेकडे तोंड करून उभे राहायचे. ‘उभे राहायचे’ हे मुद्दाम लिहिलं आहे, कारण बाकांच्या रांगा ही बरीच नंतरची सोय आहे. बाराव्या शतकात मोकळी फरसबंदी किंवा मातीची जमीन असायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेकायला फार तर भिंतीलगत दगडी ओटा असे.

नेव्ह आणि चॅन्सल यांच्यामध्ये जी कमान असते तिला चॅन्सल आर्च म्हणतात. ही कमान म्हणजे दोन जगांमधला उंबरठा, आणि ही विभागणी नुसती धार्मिक नव्हती, हिशेबाचीही होती. इंग्लंडमध्ये जुन्या रिवाजाप्रमाणे नेव्हची डागडुजी गावकऱ्यांनी करायची आणि चॅन्सलची रेक्टरने, म्हणजे त्या चर्चच्या हक्कदार धर्मगुरूने, कारण गावच्या पिकाचा दशांश त्याला मिळायचा. पुढे असे हक्क बाळगणारे मठ बरखास्त झाले, जमिनी विकल्या गेल्या, हात बदलले. पण चॅन्सलचं ओझं त्या जमिनीला चिकटूनच राहिलं. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या चर्चचा असा खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००३ साली निकाल लागला की जमीनमालकांनी चॅन्सलच्या दुरुस्तीचा खर्च द्यायलाच हवा. मध्ययुगातली एक कमान एकविसाव्या शतकातल्या घरमालकाच्या खिशापर्यंत पोहोचते ती अशी.

आता बांधणी. किलपेकची शैली रोमनेस्क आहे. इंग्लंडमध्ये तिला नॉर्मनही म्हणतात, कारण १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर या पद्धतीच्या बांधकामांचा धडाकाच सुरू झाला. तिची सर्वांत सोपी खूण म्हणजे अर्धवर्तुळाकार कमान. पाचरीच्या आकाराचे चिरे एकमेकांना रेटत बसवले की वरचा भार दोन्ही बाजूंना उतरतो. मात्र हा रेटा नुसता खाली जात नाही, बाहेरच्या दिशेलाही ढकलतो. तो झेलायला जाड भिंती लागतात. भिंत जाड म्हणजे खिडकी लहान, आणि खिडकी लहान म्हणजे आत अंधार. रोमनेस्क चर्चमधला तो गंभीर काळोख हा असा गणितातून आलेला आहे. या भिंती आतून-बाहेरून बऱ्या दगडाच्या आणि मधल्या पोटात चुना नि दगडगोटे भरलेले अशा असतात. आपल्याकडचे गडकोटांचे तट पाहिलेल्या माणसाला ही रीत ओळखीची वाटेल.

टोकदार कमान यानंतरची. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती इंग्लंडमध्ये रुळली आणि तिच्यासोबत गॉथिक शैली आली. टोकदार कमानीत रेटा जास्त सरळ खाली उतरतो, त्यामुळे भिंती हलक्या करता आल्या आणि खिडक्या मोठ्या. मुंबई-पुण्यात आपण जी ब्रिटिशांची दगडी चर्चेस पाहतो त्यांत बहुतेक ठिकाणी टोकदार कमानीच दिसतात. त्याचं कारण एकोणिसाव्या शतकातल्या एका चळवळीत आहे. तिकडे पुढे वळतो.

किलपेकच्या ॲप्सकडे मात्र थोडं थांबून पाहायला हवं. बाराव्या शतकात असे अर्धगोल ॲप्स इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी होते. तेराव्या शतकापासून लांब, चौकोनी चॅन्सलची रीत आली आणि जिथे पैसा होता तिथे जुने ॲप्स पाडून चॅन्सल वाढवले गेले. लोकसंख्या वाढली तिथे नेव्हच्या भिंती फोडून बाजूला उपदालनं काढली, मनोरे चढवले. म्हणून इंग्लंडमधलं सरासरी खेड्यातलं चर्च म्हणजे चार-पाच शतकांची ठिगळं असतात. किलपेकमध्ये हे जवळजवळ काहीच झालं नाही. ॲप्स आहे तसा आहे आणि त्याच्यावरची दगडी घुमटी अजून मूळच्या कोरीव फासळ्यांवर पेललेली आहे. मोठ्या बांधकामांची वेळच या गावावर आली नाही.

एके काळी हे गाव लहान नव्हतं. चर्चच्या पश्चिमेला लागूनच मातीचा मोठा टेकाड आहे आणि त्याच्यावर किल्ल्याच्या भिंतींचे तुकडे आहेत. नॉर्मनांना वेल्सच्या सीमेवर पाय रोवायचे होते. आर्चनफील्ड म्हणून ओळखला जाणारा हा भाग मुळात वेल्श रीतीरिवाजांचा. १०८६ सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करवून घेतलेल्या जमीन-मोजणीच्या दप्तरात, किलपेक विल्यम फिट्झ नॉर्मन या सरदाराच्या नावावर आहे. त्याचा मुलगा ह्यू याने हे चर्च ११३४च्या सुमारास ग्लॉस्टरच्या मठाला देऊन टाकलं, आणि आजची इमारत त्याच काळातली. किल्ला, चर्च आणि तटबंदीतलं गाव असा तो सगळा संच होता. किंग जॉनही या किल्ल्यात मुक्कामाला येऊन गेला. पुढे सीमेवरची धामधूम ओसरली, किल्ल्याचं महत्त्व गेलं आणि गाव रोडावलं. वस्ती आटली आणि चर्च वाचलं, असा हा हिशेब आहे. चर्चच्या नावातला सेंट डेव्हिड वेल्सचा संत. त्या नावातही या मिश्र मुलखाची आठवण आहे.

दक्षिणेचा दरवाजा. दोन्ही बाजूंना खांब, वर अर्धवर्तुळाकार कमानींचे पट्टे आणि कमानीच्या पोटातल्या अर्धगोल फलकावर एक वेल. तिला द्राक्षाच्या घोसांसारखे भारदस्त घड लगडले आहेत. बहुतेक अभ्यासक तिला जीवनवृक्ष मानतात. एवढ्या मोक्याच्या जागी एरवी ख्रिस्ताची मूर्ती अपेक्षित असते, इथे झाड आहे. डावीकडच्या खांबावर वेलींच्या गुंत्यात एकावर एक असे दोन योद्धे आहेत. अंगात घट्ट, उभ्या चुण्यांचा अंगरखा, खाली विजार, डोक्यावर टोकदार टोपी. अंगरख्याची प्रत्येक चुणी समांतर रेघांनी कोरली आहे आणि वेलीचा देठसुद्धा त्याच रेघांनी भरला आहे, त्यामुळे माणूस कुठे संपतो आणि वेल कुठे सुरू होते हे क्षणभर कळत नाही. या कारागिरांची ही जणू सहीच. दुसऱ्या बाजूच्या खांबाच्या माथ्यावर एक मुखवटा आहे, त्याच्या तोंडातून पानंफांद्या बाहेर पडतात. आपल्या डोळ्यांना तो लगेच कीर्तिमुखाच्या जवळचा वाटतो. कमानीच्या बाहेरच्या पट्ट्यात गोल चकत्यांची माळ आहे, प्रत्येक चकतीत पक्षी किंवा प्राणी, आणि दोन चकत्यांना जोडणारा एकेक मुखवटा. दरवाजाच्या कडेने साप वळवळत जातात आणि एकमेकांच्या शेपट्या गिळतात.

मग मान वर करायची. छपराच्या कडेखाली, इमारतीभोवती फिरत जाणारी दगडी तोड्यांची रांग आहे. इमारतीच्या भाषेत हे कॉर्बेल. त्यांचं काम साधं आहे: छपराच्या कडेचा दगडी पट्टा पेलणं, म्हणजे पाणी भिंतीपासून लांब पडतं. आज इथे ८५ कोरीव तोडे शिल्लक आहेत. एका तोड्यावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेत, दोघांचे डोळे गोल आणि कान लोंबते. शिकारी आणि शिकार असूनही अगदी शाळेतल्या जोडीदारांसारखे. मला त्या अख्ख्या रांगेत हा तोडा सर्वांत आवडतो, कारण इथे पाथरवटाने कुणालाही भीती घालायची नाही असं ठरवलेलं दिसतं. बाकीचे तोडे पाहिले तर एक वाद्य वाजवणारा आहे, मेंढा आहे, डुक्कर आहे, क्रूस धरलेलं कोकरू आहे, तोंडात माणसं धरलेलं अस्वल आहे. पश्चिमेच्या कोपऱ्यांवर तर मगरीसारखा आ वासलेली, जीभ गुंडाळलेली ड्रॅगनची मुंडकी भिंतीतून पुढे आली आहेत. त्यांच्यात उत्तरेकडच्या व्हायकिंग लाकडी कोरीवकामाची छटा आहे.

याच रांगेत शीला-ना-गिग म्हणून ओळखली जाणारी स्त्री आहे, दोन्ही हातांनी आपली योनी फाकवून दाखवणारी. ब्रिटनमधल्या अशा शिल्पांपैकी ही सर्वांत प्रसिद्ध. मराठी वाचकाला इथे लज्जागौरी आठवणारच. तेर, भोकरदन भागात सापडलेल्या तिच्या मूर्ती अनेकांनी पाहिलेल्या असतात. पण दोन गोष्टींत नातं असल्याचा काही पुरावा नाही, आणि हातात काही नसताना पूल बांधू नये. लज्जागौरी पूजेची देवता होती. शीला छपराखाली मेंढ्या-डुकरांच्या रांगेत बसली आहे. तिच्याविषयीची मतं अनेक आहेत: वासनेच्या पापाचा इशारा, वाईट नजरेपासून राखण, सुलभ प्रसूतीसाठी केलेली प्रार्थना, जुन्या देवतेची सावली. बाराव्या शतकातल्या कुणीही याविषयी एक ओळ लिहून ठेवलेली नाही. त्यामुळे ‘हिचा अर्थ हाच’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर जरा जपूनच विश्वास ठेवावा. मला स्वतःला पापाचा इशारा हे मत जास्त पटतं, कारण फ्रान्स-स्पेनच्या यात्रामार्गांवरच्या चर्चेसवर याच जातीची शिल्पं छपराखालच्या अशाच जागी आढळतात.

यात्रामार्गाचा धागा महत्त्वाचा आहे. या भागातला ऑलिव्हर द मर्लिमाँ हा ह्यू मॉर्टिमर सरदाराचा कारभारी होता. तो स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला या मोठ्या तीर्थाची यात्रा करून आला, आणि हेरिफर्डशायरच्याच उत्तरेकडे शॉब्डन गावात त्याने चर्च बांधवून घेतलं. तिथे काम केलेल्या कारागिरांचा हात किलपेकमध्येही दिसतो. किलपेकच्या चॅन्सल आर्चच्या दोन्ही बाजूंना एकावर एक अशा संतांच्या मूर्ती आहेत. खांबावर अशी माणसांची चळत रचणं इंग्लंडमध्ये दुर्मीळ, पण सांतियागोच्या कॅथिड्रलच्या दक्षिण दरवाजाला ते आहे. अभ्यासक या सगळ्या कामाला हेरिफर्डशायर शैली म्हणतात. अर्डिस्ली आणि कॅसल फ्रोम इथली बाप्तिस्म्याची दगडी पात्रं, ब्रिन्सपचा सेंट जॉर्ज ही त्याच हाताची भावंडं. एक सरदाराचा कारभारी यात्रेला जातो आणि त्याच्या डोक्यात भरलेलं दृश्य चाळीस-पन्नास किलोमीटरच्या परिसरातल्या खेड्यांत दगडात उतरतं, हे मला कोणत्याही राजाच्या कारकिर्दीपेक्षा जास्त विलक्षण वाटतं.

आता शॉब्डन आणि किलपेक या दोन भावंडांचं पुढे काय झालं ते पाहू. अठराव्या शतकात शॉब्डनच्या धनिक मालकांना जुनं चर्च जुनाट वाटलं. त्यांनी ते पाडून नव्या आवडीचं, पांढरंशुभ्र, नाजूक कमानींचं चर्च बांधलं. जुन्या कोरीव कमानी मात्र टाकून दिल्या नाहीत. बागेतल्या टेकडीवर शोभेसाठी उभ्या केल्या. हेतू वाईट नव्हता. पण ज्या कमानी सहा शतकं छपराखाली होत्या त्या उघड्यावर आल्या. वालुकाश्म सच्छिद्र असतो. त्याच्या छिद्रांत पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठतं, गोठताना फुगतं आणि दगडाचा पापुद्रा उचलून टाकतं. आज शॉब्डनच्या कमानींवर पुसट उंचवटे उरलेत. त्यांचं मूळ रूप बघायचं तर जी. आर. लुईस या चित्रकाराने १८५२ साली छापलेली चित्रं पाहावी लागतात. त्यानेच १८४२ साली किलपेकचीही चित्रं प्रसिद्ध केली होती, आणि किलपेकची चित्रं आजच्या दगडाशी ताडून पाहता येतात. एकच पाथरवट-टोळी, एकच काळ, दोन निकाल. किलपेकचा लाल वालुकाश्म चांगल्या प्रतीचा निघाला हा नशिबाचा भाग. पण ते चर्च पाडून नवं बांधण्याइतका पैसेवाला मालक तिथे नव्हता, हा माझ्या दृष्टीने त्याहून मोठा भाग.

इथपर्यंत आपण ‘चर्च’ म्हणतोय, पण ते अँग्लिकन, म्हणजे पोपपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चचं, कधी झालं? बांधलं तेव्हा ते रोमन कॅथलिक होतं. त्या वेळी पश्चिम युरोपात दुसरं काही नव्हतंच. १५३४ साली आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख करून घेतलं. त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या काळात बदल खऱ्या अर्थाने गावापर्यंत आले. १५४९ साली इंग्रजीतलं प्रार्थनापुस्तक आलं; त्याआधी उपासना लॅटिनमध्ये व्हायची. दगडी वेद्या काढून त्याजागी लाकडी मेज ठेवली गेली. भिंतींवरची रंगीत चित्रं चुन्याने पुसली. नेव्ह आणि चॅन्सलमध्ये लाकडी जाळीच्या पडद्यावर क्रूसावरच्या ख्रिस्ताची मूर्ती असायची, ती उतरवली. बऱ्याच चर्चेसमध्ये पुढे त्या जागी राजाची राजमुद्रा लागली. म्हणजे आज आपण इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चमध्ये जी उघडी, रंगहीन दगडी शांतता पाहतो ती मध्ययुगाची नव्हे. मध्ययुगीन चर्च आतून रंगाने भरलेलं असायचं. इमारत तीच राहिली, कब्जा त्याच गावकऱ्यांचा राहिला, बदलला तो उपासनेचा विधी आणि त्याच्यावरची सत्ता.

एकोणिसाव्या शतकात गाडी पुन्हा मध्ययुगाकडे वळली. १८३९ साली केंब्रिजमध्ये काही तरुणांनी कॅम्डेन सोसायटी काढली. खरं ख्रिस्ती चर्च म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातलं टोकदार कमानींचं इंग्रजी खेड्यातलं चर्च, असं त्यांचं ठाम मत होतं. तो आदर्श जहाजांतून जगभर गेला. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च, ज्याचं पवित्रीकरण १८५८ साली झालं, त्याच विचाराचं अपत्य आहे: स्थानिक दगडात बांधलेलं, टोकदार कमानींचं, साधारण ६० मीटर उंच शिखराचं. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांचं ते स्मारक. भारतातली अँग्लिकन चर्चेस पुढे १९४७ साली दक्षिणेत आणि १९७० साली उत्तरेत इतर प्रॉटेस्टंट पंथांशी एकत्र आली, त्यामुळे आज तिथे पाटीवर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ दिसतं.

खुद्द इंग्लंडमध्ये या लाटेत हजारो चर्चेसची ‘दुरुस्ती’ झाली आणि तिच्यात बरंच अस्सल काम खरवडलं गेलं. किलपेकला मात्र माणूस बरा मिळाला. लुईस कॉटिंगहॅम या वास्तुविशारदाने १८४०च्या दशकात इमारतीची डागडुजी केली आणि कोरीवकामाला हात लावताना संयम पाळला. दक्षिणेच्या दरवाजावर बराच काळ एक लाकडी पोर्चही होता. तेवढा काळ या दरवाजाने छपराखाली काढला, हे बरंच झालं. इतरत्र चाललेल्या खरवडण्याला विरोध म्हणून विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था उभी केली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: जुनं नवं करू नका, रोज थोडी काळजी घ्या.

त्या काळजीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चुना. जुन्या भिंतीतले सांधे चुन्याचे असतात. चुना ओलावा शोषतो आणि वाळताना बाहेर सोडतो. विसाव्या शतकात लोकांनी मजबुतीच्या समजुतीने अनेक जुन्या भिंतींचे सांधे सिमेंटने भरले. सिमेंटमधून ओल निघत नाही, मग ती दगडातूनच बाहेर पडायला बघते आणि दगडाचं तोंड झिजवते. सांधा शाबूत, चिरा मात्र खड्ड्यात, असं दृश्य दिसलं की समजावं इथे सिमेंट झालंय. महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांची आणि देवळांची दुरुस्ती करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं असं कळकळीने सांगावंसं वाटतं. आपला बेसाल्ट जास्त चिवट आहे, पण आतला चुना आणि विटा नाहीत.

आज चर्च ऑफ इंग्लंडकडे साधारण १६,००० चर्च-इमारती आहेत आणि त्यांतल्या हजारो संरक्षित यादीत आहेत. किलपेक सर्वोच्च, म्हणजे ग्रेड वन, श्रेणीत आहे. अनेकांना वाटतं की यांचा खर्च सरकार करतं. तसं नाही. अनुदानं मिळतात, पण मुख्य भार स्थानिक पॅरिशवर असतो, म्हणजे खेड्यातल्या मोजक्या उपासकांवर. १९५५च्या कायद्याने सुरू केलेल्या रीतीप्रमाणे आजही दर पाच वर्षांनी वास्तुविशारदासारख्या तज्ज्ञाकडून प्रत्येक चर्चची तपासणी करून घ्यावी लागते. त्याच्या अहवालात बहुतेक वेळा पहिल्या पानावर येतात ती पन्हाळी, तुंबलेले नळ आणि निसटलेली कौलं, कारण पाणी आत शिरलं की पुढचं सगळं महाग होतं. आणि अगदी किरकोळ कामं सोडून काही बदल करायचा, उदाहरणार्थ स्वच्छतागृह बांधायचं, तरी बिशपच्या क्षेत्रातल्या न्यायाधीशाकडून रीतसर परवानगी घ्यावी लागते. गावकऱ्यांना ही प्रक्रिया कंटाळवाणी वाटते, त्यांची तक्रार खोटी नाही. पण शॉब्डनच्या मालकांना अठराव्या शतकात असा कुणी विचारणारा नव्हता.